ताईंच्या हातातला स्केलर

पार्श्वभूमी

दक्षिण नागपुरात, रिंग रोडच्या अलीकडे, एक तीन खुर्च्यांचा दाताचा दवाखाना आहे. खाली औषधाचं दुकान, वर दवाखाना, आणि जिन्याच्या कोपऱ्यात खर्ऱ्याचे, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या पिंकांचे, लाल डाग. कितीही रंग मारा, महिनाभरात परत येतात. दाताच्या डॉक्टरच्या असिस्टंटने नेमकं कुठवर काम करावं, हा प्रश्न तिथे उभा राहिला त्याची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

दवाखाना सासरे आणि सून मिळून चालवतात. सासऱ्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी एका खुर्चीवर सुरुवात केली. सून कवळ्या आणि कृत्रिम दात बसवण्याच्या शास्त्रातली एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी), आणि माझी जुनी विद्यार्थिनी. घरी ती त्यांना बाबा म्हणते, दवाखान्यात सर. वाचताना ही बाब किरकोळ वाटेल, पण पुढे दोन-तीन निर्णय अडले ते याच्याचमुळे. खुर्चीपाशी झालेला मतभेद रात्री जेवणाच्या ताटावर पुन्हा निघायचा, आणि तिथे ती बरोबर असली तरी सूनच होती.

संध्याकाळी चार ते नऊ एक तरुण बीडीएस डॉक्टर येत. एक नवी मुलगी मदतीला होती. ती बारावी विज्ञान झाली होती आणि बाहेरून पदवी करत होती. आणि होत्या ताई. चौदा वर्षांपूर्वी झाडझूड आणि नंबर लावायला म्हणून आल्या, त्यांची बारावी कला शाखेची. आता पेशंटच्या तोंडाकडे नुसतं पाहून सरांना कोणतं अवजार लागेल ते त्या आधीच हातात ठेवत. पेशंट त्यांना सिस्टर म्हणत. काही जुने पेशंट 'छोट्या डॉक्टर' म्हणत, तेव्हा ताई हसून विषय बदलायच्या. पण ते त्यांना आवडायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांची कामं कशी वाढत गेली, याचं उत्तर मला कोणालाच देता आलं नाही. ठरवून कोणी वाढवली नव्हती. सरांना मानेच्या मणक्याचा त्रास सुरू झाला, आमच्या धंद्यात हे घरोघरचं दुखणं. मग टाके काढायचं काम ताईंकडे गेलं. नंतर दातांची मापं, म्हणजे ठसे, घेणं. मापाच्या बाबतीत त्यांचा हात खरोखर चांगला होता. नागपुरात मे महिन्यात टाकीतलं पाणी हाताला चटके देतं. त्या पाण्यात अल्जिनेट (माप घ्यायची पूड) कालवलं की ट्रे तोंडात जाण्याआधीच ते घट्ट व्हायला लागतं आणि माप फाटतं. ताई फ्रिजमधली बाटली आणून त्या पाण्यात कालवायच्या. थंड पाण्याने अल्जिनेट उशिरा घट्ट होतं हे सुनेने पुस्तकात वाचलं होतं. ताईंना ते चार-पाच फाटलेल्या मापांनी शिकवलं होतं.

त्यानंतर एक्स-रेचं बटण. आणि शेवटी, साधारण वर्षभरापासून, दात साफ करणं, म्हणजे स्केलिंग: दातांवर साचून घट्ट झालेला थर, ज्याला आम्ही दगड म्हणतो, तो स्केलर नावाच्या अवजाराने काढणं. 'साधा केस असला तर', असं सर म्हणत. साधा कोणता हेही तेच ठरवत, बहुतेक वेळा खुर्चीवरून न उठता, दुसऱ्या पेशंटच्या तोंडावरून मान वळवून.

नेमकं काय घडलं

२०२२चा मे महिना, शनिवार, गर्दी. पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ दात साफ करायला आले. सरांनी तोंड पाहिलं, वरवर दगड दिसला, आणि म्हणाले, "ताई, घ्या." ताईंनी अर्ध्या तासात काम उरकलं. पेशंट पैसे देऊन गेले.

संध्याकाळी घरून फोन आला. हिरड्यांतून रक्त थांबत नाही. त्यांना परत बोलावून गॉजचा दाब दिला, तासाभरात रक्त थांबलं. मग कळलं की वर्षभरापूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या रोज सुरू होत्या. फॉर्मच्या मागच्या बाजूला त्यांनी तसं लिहिलंही होतं. मागची बाजू कोणी उलटली नव्हती.

इथे एक गोष्ट नोंदवतो, नाहीतर वाचक चुकीच्या दिशेला जाईल. अशा गोळ्या सुरू असताना दात साफ करता येतात. गोळ्या मनाने बंद करणं उलट जास्त धोक्याचं, हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेला स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळी) बंद पडू शकतो. म्हणजे डॉक्टरांनीही बहुधा तेच काम केलं असतं आणि थोडं जास्त रक्त त्यांच्या हातूनही आलं असतं. फरक एवढाच की त्यांना ते आधी माहीत असतं. थोडं-थोडं केलं असतं, दाब देऊन बसवून ठेवलं असतं, घरी जाताना काय करायचं ते सांगितलं असतं.

सोमवारी पेशंटचा मुलगा आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "बाबांचे दात कोणी साफ केले, ते फक्त सांगा."

रिसेप्शनवर ताईच बसल्या होत्या.

सर बाहेर आले आणि म्हणाले, "माझ्या देखरेखीखाली झालं." मुलाने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला. तक्रार केली नाही. त्या रात्री सुनेने मला फोन केला. तिचा पहिला प्रश्न होता, "सर, आपल्याकडे असिस्टंटला नेमकं काय करता येतं?" मी सामाजिक दंतआरोग्य हा विषय शिकवतो. तरी याचं उत्तर मला एका वाक्यात देता आलं नाही.

कोणाला काय वाटत होतं

पुढच्या तीन आठवड्यांत मी तिथे चार वेळा गेलो आणि प्रत्येकाशी वेगळं बोललो. सगळ्यांना एकत्र बसवलं असतं तर सर बोलले असते आणि बाकीच्यांनी मान हलवली असती.

सरांचं म्हणणं सरळ होतं. हात बसला आहे, पेशंट खूश आहेत, माझी मान वाचते. "चौदा वर्षांत एक तक्रार." त्यांच्या मते झालेली चूक फॉर्मची होती, ताईंची नव्हती. यात थोडं तथ्यही होतं.

सुनेचं म्हणणं उलट. तिला स्केलरपेक्षा तो शनिवार जास्त बोचत होता: खुर्चीवर कोण बसलंय, त्याला काय आजार आहे, हे काम सुरू करणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं. पण सरांसमोर ती एवढंच म्हणाली, "थोडं बघायला हवं."

संध्याकाळच्या डॉक्टरांचा विरोध सगळ्यात कडक होता, आणि मला तो अपेक्षित नव्हता. चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप, आणि मग पगार असा की सांगायला लाज वाटावी. "मी पाच वर्षं घासली ती स्केलिंग ताईंना बघत बसायला का?" पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, तरी मला ऐकू आला: ताईच सगळं करणार असतील तर मला कशाला ठेवलंय?

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दंतसहायकांची कामं वाढवण्याची कल्पना जिथे रुजली तिथे दंतवैद्य कमी होते. न्यूझीलंडने १९२१ मध्ये शाळांसाठी दंतपरिचारिका तयार करायला सुरुवात केली, कारण पहिल्या महायुद्धात भरतीला आलेल्या तरुणांचे दात पाहून तिथले लोक हादरले होते आणि डॉक्टर पुरत नव्हते. अमेरिकेत आज काही राज्यांत डॉक्टरने दात कोरून दिला की प्रशिक्षित सहायक त्यात सिमेंट भरते. शेजारच्या राज्यात तेच काम तिला मना असतं. आपल्याकडे चित्र उलटं आहे. देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत, आणि शहरातल्या एका चौकात उभं राहिलं तर तीन पाट्या दिसतात. तिकडचे सहायकांविषयीचे लेख इकडे जसेच्या तसे लावले की संध्याकाळच्या डॉक्टरांसारखा माणूस त्यात कुठेच बसत नाही.

ताईंनी पहिल्या भेटीत काहीच सांगितलं नाही. चहा दिला, "सगळं चांगलं आहे न सर" म्हणाल्या आणि अवजारं धुवायला गेल्या. दुसऱ्या भेटीत बोलल्या. "त्या पोराने विचारलं न, कोणी साफ केले. तेव्हा मी तिथेच होते. सर बाहेर आले म्हणून वाचले, नाहीतर मी काय सांगणार होते? मी केले म्हणू, का सरांनी केले म्हणू?" त्यांना काम कमी नको होतं. पण त्या रविवारी त्यांना झोप लागली नव्हती.

नवी मुलगी म्हणाली, "मला पण शिकायचंय." कोणी विचारलं नव्हतं, तरी.

पेशंटना विचारण्याची कल्पना सुनेची. एक छोटा कागद: ताईंनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दात साफ केले तर चालेल का? आठवडाभर जवळजवळ प्रत्येकाने 'चालेल' असं लिहिलं. सर आनंदले. मी विचारलं, कागद पेशंटच्या हातात कोण देत होतं? ताईच. तोंडावर कोण नाही म्हणेल! शिवाय 'देखरेखीखाली' या शब्दाने अर्धं उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या आठवड्यात कागद बदलला. 'तुमच्या तोंडात हात कोणाचा असावा असं वाटतं आणि का', असा मोकळा प्रश्न, घरी नेऊन भरायचा, परत आणायची सक्ती नाही. थोडेच कागद परत आले, पण वाचण्यासारखे होते. एकाने लिहिलं, "सिस्टरने केलं का डॉक्टरने केलं, दुखलं नाही पाहिजे, बस." एका बाईंनी लिहिलं की ताई बाई आहेत म्हणून बरं वाटतं. आणि एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं की कोणीही करावं, फक्त आधी सांगावं, आणि पैसेही मग त्याच हिशेबाने घ्यावेत. सरांनी हा कागद दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला.

कायदा पाहिला तेव्हा

त्या वेळी १९४८चा दंतवैद्यक कायदा लागू होता. (त्याची जागा घ्यायला संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला, ती पुढची गोष्ट.) आम्ही तिघं रात्री दवाखाना बंद झाल्यावर तो उघडून बसलो. त्यात तीन माणसं आहेत: दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट (दात साफ करणारी प्रशिक्षित व्यक्ती), डेंटल मेकॅनिक (कवळ्या बनवणारी व्यक्ती). असिस्टंट नाही. चौदा वर्षं ज्यांच्याशिवाय दवाखाना उघडला नाही त्या ताई कायद्याला दिसतच नव्हत्या.

सरांची समजूत होती की कायद्यात नाही म्हणजे मनाईही नाही. सगळा घोळ तिथेच होता. दात खरवडणं, साफ करणं, पॉलिश करणं हे काम नोंदणी झालेल्या दंतवैद्याचं किंवा हायजिनिस्टचं. दंतवैद्यकाची व्याख्या तर याहून रुंद आहे. दात आणि जबड्याशी संबंधित एक्स-रे काढणं तिच्यातच येतं, आणि कवळी बसवण्याच्या तयारीसाठी केलेलं कामही तिच्यातच. म्हणजे ताईंची वाढलेली कामं एकेक करून रेषेच्या पलीकडे गेली होती: स्केलिंग, एक्स-रेचं बटण, कवळीची मापं. ज्या मापांवर सगळ्यांना अभिमान होता तीसुद्धा.

सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग उरलं काय? सक्शन धरायचं?"

सुनेने दुसऱ्या दिवशी विम्याच्या एजंटला फोन केला. दवाखान्याच्या पॉलिसीत कर्मचाऱ्यांच्या चुका धरलेल्या होत्या, पण जे काम करायला तो कर्मचारी पात्र आहे त्याच कामातल्या. १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सरांना माहीत होतं. पण कर्मचाऱ्याने केलेल्या कामाची जबाबदारी मालकावर येते आणि विमा मात्र हात वर करतो, या दोन गोष्टी त्यांनी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

पर्याय

चालतंय ते चालू द्या, हा पहिला पर्याय कोणी मोठ्याने मांडला नाही, पण टेबलावर तो होताच. पुढे दिवाळीत त्याने डोकं वर काढलं.

ताईंना हायजिनिस्टचा दोन वर्षांचा डिप्लोमा करायला पाठवावं, असं सुनेच्या मनात होतं. त्याला बारावी विज्ञान लागते. ताईंचं वय आणि घर बाजूला ठेवलं तरी दार तिथेच बंद होत होतं. नोंदणी असलेली हायजिनिस्ट बाहेरून आणावी म्हणून चौकशी केली. एकही अर्ज आला नाही.

सगळी स्केलिंग संध्याकाळच्या डॉक्टरांकडे द्यावी, हा पर्याय कायद्याला धरून होता. खर्च वाढणार होता आणि सकाळच्या पेशंटना थांबावं लागणार होतं. सर याला तयार नव्हते.

आणि शेवटचा: कामांची यादी नव्याने लिहायची, जी जायला हवीत ती काढायची, आणि जागा मोकळी झाली तिथे ताईंना खरोखर वाढू द्यायचं. हा पर्याय मी मांडला. त्यामुळे यातल्या चुकांचा वाटा माझाही.

काय केलं

जूनच्या पहिल्या सोमवारी सरांनी ताईंना बोलावून सांगितलं की स्केलिंग, टाके, कवळीची मापं आणि एक्स-रेचं बटण उद्यापासून डॉक्टरच करतील. नव्या कामांची यादी शनिवारी द्यायची ठरली होती, कारण सुनेला ती नीट टाईप करायची होती.

ताई म्हणाल्या, "चौदा वर्षं मी हे करून राहिली, सर. तेव्हा कोणाले कायदा नाही आठवला. माह्या हातानं वाईट झालं म्हणून काढून घेऊन राहिले का?" एरवी त्या सरांशी शुद्ध बोलत. त्या दिवशी घरचं बोलणं तोंडून निघालं. मंगळवारी आणि बुधवारी त्या आल्या नाहीत.

गुरुवारी सून त्यांच्या घरी गेली. यादी सोबत होती, हाताने लिहिलेलीच. तिथे जे बोलणं झालं त्यातून यादीतल्या तीन गोष्टी बदलल्या, आणि माझ्या मते त्याच तीन गोष्टी पुढे टिकल्या.

पहिली, पेशंटचा आजारांचा इतिहास. फॉर्म पेशंटने भरायचा नाही. ताई समोर बसून विचारतील, गोळ्यांची पन्नी किंवा चिठ्ठी पाहतील आणि खुर्चीवर काम सुरू होण्याआधी डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवतील. डॉक्टरांनी ऐकल्याची सही करायची. ज्या फॉर्ममुळे त्यांचं नाव गेलं तो फॉर्म ताईंनीच मागून घेतला.

दुसरी, निर्जंतुकीकरण. ऑटोक्लेव्ह (वाफेने अवजारं निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला, १५ मिनिटं, हे सगळ्यांना पाठ असतं. आत वाफ सगळीकडे पोचली की नाही हे अवजारांसोबत ठेवलेल्या पट्टीचा रंग सांगतो, आणि गर्दीत ती पट्टी कोणी बघत नाही. ठरलं असं की पट्टी ठीक नसेल तर ताई ट्रे देणार नाहीत आणि डॉक्टरांनी त्यावर वाद घालायचा नाही. सरांनी ही अट मान्य केली. ताईंचा त्यावर विश्वास बसायला दोन महिने लागले.

तिसरी गोष्ट खर्ऱ्याची, आणि तिच्यावर जरा थांबतो.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: खर्रा म्हणजे सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो. तो वर्षानुवर्षं खाल्ला की तोंडाच्या आतली कातडी जाड आणि ताठ होत जाते, तिखट झोंबू लागतं आणि तोंड उघडणं कमी होतं. हा तोंडाच्या कर्करोगाआधीचा टप्पा ठरू शकतो. लोक सगळा दोष तंबाखूला देतात. तोंड आखडण्यामागचं मुख्य कारण मात्र सुपारी आहे. ताईंचा एका रिक्षाचालकाशी झालेला संवाद मी ऐकला. तो म्हणाला, "मी तर तंबाखू नावालाच टाकायला लावतो न, ताई." ताई म्हणाल्या, "अन् सुपारी? ते तर पुरी पन्नी भरून घेता न भाऊ." माझ्या एका तासाच्या व्याख्यानात मी हे इतक्या थोडक्यात कधी सांगितलेलं नाही.

तर ठरलं असं: खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड किती उघडतं ते ताई वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये पट्टी धरून मोजतील आणि मिलिमीटरमध्ये लिहून ठेवतील. निदान करायचं नाही, आजाराचं नाव घ्यायचं नाही. आकडा लिहायचा आणि मागच्या वेळेपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना दाखवायचा. सोबत सोडण्याविषयी बोलायचं आणि तंबाखूमुक्तीच्या राष्ट्रीय फोनसेवेचा नंबर, १८००-११-२३५६, कार्डावर लिहून द्यायचा. ब्रश कसा धरायचा ते दाताच्या मॉडेलवर दाखवणं, दात काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी फोन करणं, हेही ताईंकडे आलं. अल्जिनेट कालवणं त्यांच्याकडेच राहिलं. ट्रे तोंडात डॉक्टर बसवतील.

यादी करताना आणखी एक गोष्ट निघाली, जी सगळ्यात आधी निघायला हवी होती. सुनेने सहज विचारलं, "ताई, हिपॅटायटिस बीची लस झाली आहे न?" एक डोस झाला होता, कित्येक वर्षांपूर्वी, पुढचे राहून गेले. चौदा वर्षं रक्ताने भरलेली अवजारं धुणाऱ्या बाईचं लसीकरण अर्धवट होतं आणि आम्ही तिची कामं वाढवण्यावर चर्चा करत होतो. ताईंचे राहिलेले डोस सुरू झाले. नव्या मुलीचे शून्य, एक आणि सहा महिन्यांचे तिन्ही डोस लागले.

ताईंचा पगार वाढवला. किती, ते सांगायला मला परवानगी नाही. सरांनी आकडा ऐकून आधी नाक मुरडलं एवढं सांगतो. संमतिपत्रात एक ओळ घातली: तुमच्या उपचारात कोण काय करेल हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

परिणाम

सकाळची स्केलिंग बंद झाली, ती संध्याकाळच्या डॉक्टरांकडे गेली. पावसाळ्यात उत्पन्न घसरलं, काही जुने पेशंट दुसरीकडे गेले. इतिहासाचं वाचन पहिले काही आठवडे सगळ्यांनाच जड गेलं. सर म्हणत, "सत्यनारायणाची कथा चालू आहे." सप्टेंबरमध्ये ताईंनी एका बाईंच्या पर्समधून हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळीची चिठ्ठी काढली. दात काढायचा होता, आणि त्या गोळ्यांवर दात काढला तर जबड्याचं हाड भरून येण्यात अडचण होऊ शकते. सरांनी काम थांबवून त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्या दिवसानंतर सत्यनारायण बंद झाला.

तोंड मोजण्याच्या वहीने मला सगळ्यात जास्त चकित केलं. साधारण माणसाचं तोंड ४० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त उघडतं. एक तरुण दाताच्या किडीसाठी तीन-चार वेळा आला, आणि त्याचा आकडा दर वेळी थोडा खाली जात होता. त्याला स्वतःला काही जाणवलं नव्हतं. त्याला शासकीय दंत महाविद्यालयात पाठवलं. पूर्वी असे पेशंट पाणीपुरी तोंडात जाईना म्हणून यायचे.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तो जुना पर्याय परत आला. गर्दी, सरांची मान धरलेली, एक ओळखीचे गृहस्थ खुर्चीवर. सर म्हणाले, "ताई, पुढचे चार दात जरा घ्या, डाग आहेत फक्त." ताई म्हणाल्या, "सर, यादीत नाही ते." पेशंटसमोर. सरांनी स्वतः केलं, आणि दोन दिवस ताईंशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चिवड्याचा डबा घेऊन आले. त्याबद्दल पुढे कोणीच काही बोललं नाही.

जानेवारीत संध्याकाळचे डॉक्टर गेले, स्वतःचा दवाखाना टाकायला. जाताना ते ताईंना म्हणाले, माझ्याकडे या. ताई हसल्या.

पुन्हा करायचं झालं तर

ताईंशी बोलण्याचा क्रम मी उलटा करीन. आधी काय मिळणार ते, मग काय जाणार ते, आणि दोन्ही एकाच बैठकीत. सोमवार ते शनिवार हे अंतर टाईपिंगसाठी ठेवलं होतं. एका बाईच्या चौदा वर्षांवर तेवढ्यासाठी पाणी फिरलं असतं. यादी लिहितानाही ताई टेबलावर हव्या होत्या. त्यांच्या घरी बदललेल्या तीन गोष्टी पाहिल्या की हे वेगळं सांगायला नको.

संध्याकाळच्या डॉक्टरांशी मी एकदाच बोललो. त्यांचा विरोध मी 'धंद्याची भीती' असं लिहून ठेवला आणि पुढे गेलो. स्केलिंग त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांच्या पगारात काय फरक पडणार हे कोणी विचारलं नाही, मीही नाही. ते गेले त्यात याचा वाटा असावा.

पेशंटच्या मुलाला कोणी परत फोन केला नाही. त्याने सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याला सरळ उत्तर मिळालं नाही. संमतिपत्रातली ओळ त्याच्यामुळे आली, हे त्याला माहीत नाही. सुनेला तो फोन करायचा होता. सर म्हणाले, झाकली मूठ राहू दे. या एका बाबतीत अजूनही मी सुनेच्या बाजूने आहे.

एक्स-रेचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. ताई शिशाचा एप्रन घालतात, सेन्सर बसवतात, डॉक्टर येऊन बटण दाबतात. खुर्ची रिकामी नसेल तर पेशंट तोंडात सेन्सर धरून दोन-दोन मिनिटं बसून राहतात. यंत्राची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे आणि चालवणारी व्यक्ती पात्र असावी लागते. यावर सोपी वाट अजून सापडली नाही.

नव्या मुलीने पुढच्या वर्षी हायजिनिस्टच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. फीचा काही भाग दवाखान्याने भरला. ती परत इथेच येईल अशी अट घालायची की नाही यावर सासऱ्या-सुनेत पुन्हा ताट थंड झालं. अट घातली नाही. ती येईपर्यंत स्केलिंग सर आणि मॅडम वाटून घेतात, आणि सरांच्या खुर्चीला ताईंनी मानेसाठी एक उशी बांधली आहे.

ताईंच्या पगाराच्या पावतीवर पदनामाचा रकाना अजून कोरा आहे. सुनेने तीन-चार शब्द सुचवले होते. ताई म्हणाल्या, "मॅडम, ताईच लिहा न."